न वाळलेल्या चौकटीवरचं कुंकू

कसबा पेठेत नागोरावांचं दुकान पत्त्यावरून सापडत नसे, वासावरून सापडे. थिनरचा वास आला की आलंच. आत हे गृहस्थ जुन्या गाड्यांच्या प्लास्टिकला पुन्हा चंदेरी करत बसलेले. रेडिओची बटणं, मीटरभोवतीच्या चौकटी, असलं काहीबाही. जात प्लास्टिकची, पण तोरा स्टीलचा. हात लागून लागून ती झिलई उडाली की मालक हळहळत यायचे, तुकडा रुमालात गुंडाळून.

शहरात तेव्हा हिंजवडीची नोकरी लागली की वर्षाच्या आत दारात नवी गाडी यायची. त्या झगमगाटात लोकांना जुन्या गाडीचा जास्तच लळा लागला, आणि यवतमाळकडून पोटासाठी आलेल्या नागोरावांचं बरं चाललं.

काम सगळं धीराचं. उडालेला थर काढायचा, पाणकागदाने घासायचं, काळा रंग आरशासारखा करायचा आणि त्यावर चंदेरी फवारा मारायचा, अगदी हलका. मग आठवडाभर बोट लावायचं नाही. वरून कोरडं दिसतं, आतून ओलंच असतं.

हे बायकोला सांगावं असं त्यांना कधी सुचलं नाही. सांगणार तरी कशाला? यमुनाबाई दुकानात यायच्या वर्षातून एकदा, खंडेनवमीला, हत्यारांची पूजा करायला. गावी वखर-तिफणीला कुंकू लावायच्या, इथे फवाऱ्याच्या बंदुकीला. पुण्यात त्यांचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच. एरवी दोन खोल्या आणि नळाची वेळ.

त्या वर्षी नारायण पेठेतले श्यामसुंदर दातार, बँकेतून निवृत्त, आपल्या फियाटची मीटरची चौकट घेऊन आले.

"दसऱ्याला मुलीची, नीरजाची, नवी गाडी येतेय. ती म्हणते, जुनी काढून टाका. त्या गाडीशेजारी आमची भिकारी दिसता कामा नये. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मला आशा ठेवायची सवय नाही."

नागोरावांनी शब्द दिला. पण हवा दमट, काळा रंग लवकर वाळेना. चंदेरी फवारा बसला तो खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. हात लावू नका असं बजावून द्यायची, असं त्यांनी ठरवलं.

नवमीला ते मंडईतून झेंडू घेऊन आले, तर पूजा झालेली. पाणकागदापासून बंदुकीपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू, आणि चौकटीच्या वरच्या पट्टीवर, बरोबर मधोमध, यमुनाबाईंच्या ओल्या बोटाचा ठसा. पुसायला गेले तर कुंकू थरात मुरलेलं.

"तुले इथं यायची गरजच काय होती?" नागोराव म्हणाले. म्हणाले आणि जीभ चावली. पण एवढ्या संसारात असं ते पहिल्यांदाच बोलले होते. यमुनाबाईंनी ताट खाली ठेवलं.

तेवढ्यात दातार हजर. "साहेब, माह्या हातून डाग पडला," नागोराव म्हणाले.

"खोटं बोलून राह्यले ते," यमुनाबाई पुढे झाल्या. "बोट माह्यं हाय, भाऊ."

दातारांनी चष्मा लावून नीट पाहिलं. "मधोमध आहे. आमच्या नंबरप्लेटच्या पेंटरला एवढंही जमलं नव्हतं," म्हणाले, आणि चौकट तशीच घेऊन गेले.

पुढच्या खंडेनवमीला यमुनाबाई दुकानात जायला उठल्याच नाहीत. "तुमी तुमचं करा. मी तिथं कायले येऊ?" नागोरावांनी विनवण्या केल्या, चिडले, पुन्हा विनवलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी दुकानात एकट्यानेच कुंकू लावलं, तेही ओघळलं. बाईमाणसाचं मन आपण एका वाक्यात मोडलं, याचं त्यांना भारी वाईट वाटत होतं.

दुपारी बोळात हॉर्न. दातारांनी फियाट थेट दुकानासमोर आणून घातली होती. मागे स्कूटरवाल्यांचा आरडाओरडा. आत मीटरच्या चौकटीवर तो तांबडा ठिपका तसाच.

"बाईंना बोलवा," दातार म्हणाले. "गेल्या वर्षी पूजा फक्त चौकटीची झाली, बाकी गाडी राहिली. नीरजा म्हणते, पूजा अर्धी ठेवून गाडी विकायची नाही. आणि सांगा त्यांना, या खेपेला सगळं वाळलेलं आहे."

नागोराव धावतच घरी गेले. यमुनाबाई ताट घेऊन आल्या, पण गाडीपाशी थबकल्या. कुंकवात बोट बुडवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"लावू?"

नागोरावांनी गाडीचं दार उघडून धरलं. "लाव न," ते म्हणाले. "पायजे तिथं लाव."