बर्फवाल्या चाचांची हरकत

"सरकारशी सोयरीक ठेवावीच लागते, मियाँ. फक्त व्याही बदलतात," असं चाचा म्हणायचे आणि आलेल्या साहेबासाठी चहा सांगायचे.

पनवेलच्या खाडीकाठी त्यांचा बर्फाचा कारखाना होता. मी तिथे मशीनवर होतो. कोळीवाड्याची मासळी आमच्याच लाद्यांवर टिकायची.

परवान्यांच्या काळात चाचा वडिलांबरोबर कचेऱ्यांच्या बाकांवर बसलेले. साहेबाची मर्जी, तोच धंदा. पुढे परवान्यांची सक्ती गेली आणि पुढारी आले. चाचांनी त्यांच्या सभांना फुकट बर्फ पाठवला. आम्ही हसायचो. तेही हसायचे.

मग खाडीकाठी गोदामं बांधायला एक मोठी कंपनी आली. जेट्टीचा रस्ता तिच्या कुंपणात जाणार होता, आणि कोळ्यांना दुसरी वाट नव्हती.

जनसुनावणीआधी कंपनीचा माणूस कारखान्यात आला. त्याचं म्हणणं, चाचांनी सुनावणीत फक्त 'हरकत नाही' म्हणायचं. मग कंपनीच्या नव्या शीतगृहाचं काम त्यांनाच.

"आणि हरकत घेतली तर?" मी विचारलं.

तो छताकडे बघत म्हणाला, "मशीनमध्ये अमोनिया वायू आहे, वस्तीही जवळ. तपासणी कधीही होऊ शकते."

चाचांनी त्यालाही चहा पाजला. त्यांचा स्वतःचा कप तसाच निवला.

सुनावणीला दारात पोलीस होते. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या कोळणीने चाचांची बाही धरली.

"चाचा, तुमी आमच्या बाजूनं बोलनार ना?"

चाचांनी नुसती बाही सोडवून घेतली.

तेवढ्यात कंपनीचे बडे साहेब आत शिरले. व्यासपीठावरचे सरकारी अधिकारी चटकन उठून उभे राहिले.

"बघितलंस?" चाचा कुजबुजले. "आमच्या वेळी अधिकाऱ्यांपुढे शेठ उभे राहायचे."

त्यांचं नाव पुकारलं गेलं. ते उठले. पुढच्या खुर्चीची पाठ त्यांनी इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली.

"साहेब, माझी हरकत आहे. जन्मभर तुम्हा लोकांना 'हो' म्हणत आलो. पण हा रस्ता गेला तर ही माणसं होड्या कुठे लावतील?"

"बसा आता," पुढून कुणीतरी दरडावलं.

"नाही बसत," चाचा म्हणाले. "आधी हे लिहून घ्या."

मागे सगळ्या कोळणी उभ्या राहिल्या.

गोदामं झालीच. पण नोंदलेल्या हरकतीमुळे कुंपणात कोळ्यांसाठी एक फाटक ठेवावं लागलं. आमच्या कारखान्याची मात्र लगेच तपासणी झाली आणि टाळं लागलं. मशीन बंद करताना चाचा माझ्याशेजारी उभे होते. ते घरघरणं थांबलं, तेव्हा म्हणाले, "अल्लाची कसम, अजून भीती वाटते रे."

गेल्या रमजानआधी चाचा वारले.

परवा पहाटे जेट्टीवर गेलो, तर नव्या वॉचमनने फाटक उघडलंच नव्हतं. सुनावणीतली ती म्हातारी कोळीण डोक्यावर पाटी घेऊन त्याच्यावर खेकसली, "उघड! ह्यो चाचाचा रस्ता हाय!"

"कौन चाचा?" त्याने विचारलं.

तो कुलूप काढेपर्यंत ती तिथून हलली नाही.