बायडाबाईची पांढरी सवत

आसाराम मुका नव्हता, एवढंच त्याच्या बोलण्याविषयी खात्रीनं सांगता येईल. शेवगावच्या रस्त्याला गावाबाहेर एक जिनिंग मिल होती, तिच्या फाटकावर तो वॉचमन. कोणी काही विचारलं तर हूं म्हणायचं आणि नाही विचारलं तर तेवढेही कष्ट घ्यायचे नाहीत, असा त्याचा खाक्या. बायको बायडाबाई मात्र बोलण्यात पक्की. समोर कोणी नसलं तर ती चुलीला चार शब्द सुनवायची. लग्नाला वीसेक वर्षं होत आली होती. नवरा बोलत नाही याचं तिला आता काही वाटेनासं झालं होतं, कारण तो कोणाशीच बोलत नव्हता.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात मिल बंद होती आणि गोदामात उंदीर माजले होते. त्यांच्या मागं लागून एक कापशी झरोक्यातून आत शिरली. कापशी म्हणजे घारीच्याच जातीचं, पण लहानसं पाखरू. पांढरी छाती, काळे खांदे आणि कुंकवासारखे लाल डोळे. बाहेरची वाट काही तिला सापडेना. छपराजवळच्या काचांवर धडका घेऊन घेऊन शेवटी ती पंख मोडून रुईच्या गाठींवर पडली. बायडाबाईनं शिडी धरली. आसारामनं दोरीवर वाळत घातलेलं तिचं नवंकोरं लुगडं ओढलं, वर चढला आणि त्यातच पाखराला गुंडाळून खाली आला.

"अवो, दुसरं फडकं न्हाई का?"

"मऊ हाय," आसाराम म्हणाला.

आपलं लुगडं मऊ आहे हे या माणसाला माहीत आहे, याचंच तिला नवल वाटलं. नवल ओसरल्यावर राग आला.

जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं पंख पट्टीनं अंगाशी बांधून दिला आणि महिनाभर तो हलू द्यायचा नाही असं बजावलं. कापशीचा मुक्काम फाटकाजवळच्या खोलीच्या पडवीत, एका खोक्यात पडला. घरात मटण शिजायचं ते जत्रेला. पण आता आसाराम एक दिवसाआड खाटकाकडून काळीज आणू लागला. त्याचे बारीक तुकडे करायचा, काडीच्या टोकाला लावून चोचीपाशी धरायचा आणि तिनं घेईपर्यंत उकिडवा बसून राहायचा. बायडाबाई तापानं फणफणली होती तेव्हा याच माणसानं उशाशी भाकरी आणून ठेवली होती आणि मागं न बघता फाटकावर गेला होता. तव्यावरच्या भाकरी त्या आठवड्यात जरा जास्तच करपल्या.

एका दुपारी ती पाण्याचा हंडा घेऊन आली तर पडवीत कोणीतरी बोलत होतं. आवाज मऊ आणि अघळपघळ. पाहुणा आला असेल म्हणून तिनं पदर सावरला. पाहुणा नव्हता. आसाराम खोक्याशी बसला होता.

"गुडघ्यात लई कळ येती बघ. शिडी चढताना तर डोळ्याम्होरं अंधारीच आली. पन तुला कसं टाकून येनार?"

गुडघा दुखतो? बायडाबाई हंडा डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. खरीखुरी सवत आणली असती तर तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. या पांढऱ्या सटवीशी भांडायचं कसं?

त्या दिवसापासून ती दाराआड उभी राहून ऐकू लागली. मालक काय टाकून बोलला, लहानपणी आसाराम विहिरीत कसा पडला, सगळं त्या खोक्याला कळत होतं. आणि मग एकदा तो म्हणाला, "आमाला एक लेक झाली हुती. ऊस तोडाया कोयत्यावर गेल्तो तवा, फडातल्या पाचटाच्या कोपीत. बारसं व्हायच्या आत गेली. तिचं डोकं अजून या हातात जानवतं मला."

बायडाबाईनं तोंडात पदर कोंबला. तिला वाटलं होतं, हा विसरला. त्या लेकीबद्दल तो कधी एक शब्द बोलला नव्हता. आणि आज बोलला तर एका पाखराशी. हे दुःख दोघांचं होतं. त्यातला वाटा त्यानं परस्पर भलतीला देऊन टाकला. एवढी ती कधीच कोणावर जळली नव्हती.

बाजारच्या दिवशी आसाराम गेला तशी तिनं खोका उचलला, मिलच्या मागं नेला, पट्टी कापली आणि कापशीला बांधावर ठेवलं. "जा बाये. तुझं रान तुला, माझा नवरा मला."

कापशी उडाली नाही. एक पंख ओढत तिनं ढेकळांतून चार उड्या मारल्या. तेवढ्यात मिलच्या कडेचं कुत्रं धावत आलं. बायडाबाईला नुसतं उभं राहायचं होतं, बाकीचं काम कुत्र्यानं केलं असतं. पण तिचे पाय आधी धावले. तिनं ढेकूळ मारून कुत्रं हाकललं आणि कापशीला छातीशी धरलं. नख्या मनगटात रुतल्या, रक्त आलं, तरी तिनं सोडलं नाही. हातातला तो ऊन, धडधडणारा जीव अगदी त्या लेकीएवढाच होता. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तिला रडू फुटलं.

"राजेश्वरी नाव ठेवलं हुतं मी तिचं. कोपीत जन्मली म्हनून रानीचं नाव. रोज निजताना हाक मारते, मनातल्या मनात."

मागं पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. आसाराम उभा होता. रिकामा खोका, कापलेली पट्टी, सगळं त्याला दिसत होतं. आता हा आपल्याला मारतो, असं तिला वाटलं.

"नाव ठेवलं हुतंस तू तिचं?"

"व्हय."

त्याचा चेहरा आंबट झाला.

"पाखराला सांगितलंस," तो म्हणाला. "मला न्हाई सांगितलं कदी."

कापशी बरी व्हायला पुढं श्रावण उजाडला; मग एका सकाळी गोदामाच्या पत्र्यावरून ती उडाली. पण त्या बाजारच्या दिवशी मात्र ती दिवेलागणीपर्यंत उपाशी राहिली. काळीज पिशवीतच होतं. ते तिला घालायचं दोघांपैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही.