नदीकडची भिंत

मासेमारी करणाऱ्या देवानंदनं धरणात बुडालेलं आपलं गाव कॉम्प्युटरवरच्या गेमच्या नकाशात एकेक भिंत रचून पुन्हा उभं केलं, ते फक्त आईसाठी. गीताबाईनं डोळे बारीक करून आपलं घर ओळखलं.

“नदीकडून भिंत काहून घातली रे? तिकडून तं आपले जाळे घरात येत.”

त्यानं भिंत काढली, तसं पलीकडे रंगवलेलं नदीचं चित्र दिसलं, आणि नकाशा चालवून दाखवला. गेममधला माणूस अंगणातून नदीकडे निघाला अन् नकाशाच्या कडेवरून खाली काळोखात पडला.

“नकाशा चारी बाजूनं बंद लागते माय.”

त्यानं नाना उपाय केले, पण माणूस पडतच राहिला.

“घाल बापा भिंत,” गीताबाई म्हणाली. “घडीघडी पाडू नको त्याले.”

देवानंदनं भिंत घातली. नदी दिसेनाशी झाली.