बाईंचं चुकलेलं चिन्ह

मुलुंडच्या आमच्या कॉलेजात बाई फिजिक्स शिकवायच्या. फळ्यावर चुकलेलं गणित त्या कधी पुसत नसत. त्यावर आडवी रेघ मारून म्हणत, "राहू दे. कुठे घसरलो ते दिसायला हवं."

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी त्यांनी उघड्या डब्यातला वायू शिकवला. बाहेर त्याच तापमानाच्या वायूचा मोठा साठा. उष्णता आणि कण, दोघांनाही ये-जा मोकळी. "सोसायटीच्या गणपतीत मंडपातली माणसं मोज. दर मिनिटाला आकडा वेगळा! इथे कणांचा आकडा जितका जास्त हलतो, तितका वायू सहज दबतो. तीच त्याची कॉम्प्रेसिबिलिटी. कळलं ना?"

चाचणीत नेमकं तेच गणित आलं आणि माझ्या उत्तरावर लाल फुली पडली; शेजारी बाईंनी आपलं उत्तर लिहिलं होतं. त्या एका फुलीने मी नापास झाले. संपात गिरणी सुटल्यापासून बाबा कमीच बोलत. नाहूरच्या आमच्या खोलीत ते आपल्या मालवणीत एवढंच म्हणाले, "आता पुरे झाला. नोकरी बघ."

दुसऱ्या दिवशी मी पेपर घेऊन वर्गात उभी राहिले. "बाई, तुमचं उत्तर उणे येतंय. पण कणांच्या आकड्यातल्या चढउताराचा वर्ग उणे कसा असेल?"

बाईंनी गणित पहिल्यापासून मांडलं. तिसऱ्या ओळीशी थांबल्या. "वाट लागली! चिन्ह मीच खाल्लंय. माझा वायू दाबल्यावर फुगतोय रे!" वर्ग हसला, सगळ्यात मोठ्याने त्याच. माझे मार्क तिथल्या तिथे वाढले.

मला वाटलं, विषय संपला. रविवारी बाई तीन जिने चढून आमच्या दारात उभ्या.

"तुमच्या मुलीला मी नापास केलं," त्या बाबांना म्हणाल्या. "ती बरोबर होती, चूक माझी. तेच सांगायला आले."

बाबांनी गिरणीत उभं आयुष्य काढलं, पण कुठल्या साहेबाने त्यांच्यापुढे चूक कबूल केली नव्हती. "मगे शिकांदे तिका," ते म्हणाले, आणि आईला चहा ठेवायला सांगितला.

मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले, त्या वर्षी बाई गेल्या. आजारपण त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. मी स्मशानात पोचले तेव्हा बाबा आधीच आले होते. एका प्राध्यापकांनी त्यांना विचारलं, "आपण नातेवाईक?"

"नाय," बाबा म्हणाले. "बाई आमच्या घराक इली होती."