मळवलीची मतं

मी जर्मनीला निघाले तो शनिवार होता. शनिवारी बंगल्यावर मालकीणबाईंचे पाहुणे यायचे, म्हणून भाऊ मला विमानतळावर सोडायला आले नाहीत. भाऊ म्हणजे माझे वडील. चुलत्यांचं ऐकून आम्ही भावंडंही त्यांना भाऊच म्हणत आलो. मळवलीत आमची थोडी भातशेती आहे, आणि मला कळायला लागल्यापासून भाऊ मुंबईच्या एका बाईंचा बंगला राखतात. त्या दिवशी चुलतभावाची गाडी दारात उभी होती. आई चिक्कीचे पुडे बॅगेत कोंबत होती, वजन जास्त होईल म्हणून मी ते बाहेर काढत होते आणि ती पुन्हा कोंबत होती. भाऊ बंगल्यावरून धावतपळत आले. हात चुन्यानं माखलेले होते, म्हणून डोक्यावर हात न ठेवता लांबूनच म्हणाले, "चांगलं तेवढं कळवत जा. आईला लय घोर लागतो."

मी व्हय म्हटलं. कार्ल्याच्या फाट्यावर गाडी हायवेला वळली तेव्हा मला रडू आलं. चुलतभावानं रेडिओचा आवाज वाढवला.

गेल्या वर्षीच्या मतांची गोष्ट गावात तीन-चार तऱ्हांनी सांगितली जाते, असं आई म्हणते. म्हणून जे झालं ते मीच लिहून काढतेय. मळवलीत आहात त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे गाव सोडून लांब गेलात त्यांच्यासाठीही.

बंगल्याच्या मागे टेनिसचं कोर्ट होतं. मी नऊ वर्षांची असताना बाई साठीच्या होत्या. त्या आठवड्याचे चार दिवस मळवलीत राहायच्या आणि त्यांच्याशी खेळायला कुणी नसायचं. त्यांनी त्यांची एक जुनी रॅकेट मला दिली. कोर्ट भाऊंनी राखलं होतं. तांबडा मुरूम चाळून पसरायचा, त्यावर रूळ फिरवायचा, पाणी मारायचं, चुन्याच्या रेघा ओढायच्या. भाऊंनी स्वतः रॅकेट कधी हातात धरली नाही. आठ वर्षं बाईंनी मला शिकवलं. पुण्यात जिल्ह्याच्या स्पर्धा खेळले, एक-दोन चषक आणले, पण त्यापुढे जाण्याइतकी मी भारी नव्हते. बाईंनी ते मला सरळ सांगितलं होतं आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. पुढे नर्सिंगचा कोर्स केला, वर्षभर लोकलनं शिवाजीनगरला जाऊन जर्मन शिकले आणि म्हाताऱ्या माणसांच्या सेवेचं शिक्षण घ्यायला इथे आले. इथे त्याला आउसबिल्डुंग म्हणतात. तीन वर्षं काम करत करत शिकायचं.

इथलं गाव लहान आहे. एक नदी, दोन चर्च आणि आमचं वृद्धाश्रमासारखं केंद्र. पहिले सहा महिने मी कामापुरती बोलायचे आणि खोलीवर येऊन गप्प बसायचे. शिकलेलं जर्मन वेगळं आणि कवळी काढून ठेवलेल्या म्हाताऱ्यांचं जर्मन वेगळं. माझ्या मजल्यावर एक आजी होत्या. आजीला इथे ओमा म्हणतात. त्यांची नात हाना बेकरीत काम करायची आणि रोज दुपारी पाव घेऊन त्यांना भेटायला यायची. मी टेनिस खेळायचे हे ओमांनीच तिला सांगितलं. एका रविवारी हाना मला गाडीत घालून तिच्या फेराईनला, म्हणजे गावच्या क्लबला, घेऊन गेली.

कोर्ट तांबडं होतं. खेळून झाल्यावर मी कुणी न सांगता जाळीचं पोतेरं ओढून सगळं कोर्ट सारखं केलं, रेघा झाडल्या, धूळ उडत होती तिथे पाणी मारलं. बाकावरच्या म्हाताऱ्या सभासदांनी विचारलं, हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, वडिलांनी. पुढच्या महिन्यात मी महिलांच्या संघात चौथ्या नंबरवर होते. पहिल्या नंबरवर हाना.

घरी दर रविवारी फोन करायचे आणि चांगलं तेवढं सांगायचे. बर्फावरून घसरून मनगट सुजलं ते सांगितलं नाही. पहिल्या लेखी परीक्षेत नापास झाले तेही नाही. सामना जिंकले की फोटो पाठवायचे, हरले की त्या रविवारी हवेबद्दल बोलायचे. त्यामुळे भाऊ स्टेशनजवळच्या टपरीवर चहा पिताना सगळ्यांना सांगत, आमची पोर हारतच न्हाई.

गेल्या जूनमध्ये आमचा संघ वरच्या गटात गेला. शेवटच्या सामन्यात सगळं माझ्या एकेरीवर येऊन अडलं होतं आणि मी ती तीन तास खेळून जिंकले. इथलं स्थानिक वर्तमानपत्र दर महिन्याला आसपासच्या क्लबांतली पाच नावं छापतं, आणि वाचक त्यांच्या संकेतस्थळावर मत देऊन महिन्याचा टेनिसपटू निवडतात. त्या पाचांत हानाचं नाव होतं आणि त्या एका सामन्यामुळे माझंही. हाना गुडघ्याच्या ऑपरेशननंतर परत आली होती आणि महिन्यातला प्रत्येक सामना जिंकली होती. मी चारांतले दोन.

मी ते पान घरच्या ग्रुपवर टाकलं. मत द्या असं लिहिलं नव्हतं. पण नुसतं बघायला टाकलं होतं, असं म्हणणं खरं होणार नाही. माझं नाव परक्या लिपीत छापलेलं घरच्यांनी पाहावं, असं मला वाटत होतं.

भाऊंनी पान शाळेतल्या गुरुजींना दाखवलं. गुरुजींनी फोनवरच भाषांतर करून कुठे बोट दाबायचं ते सांगितलं. तिथून ते बंगल्यांच्या राखणदारांच्या ग्रुपवर गेलं, बचत गटात गेलं, लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात कामाला असलेल्या मामांनी ते दुकानभर फिरवलं. एका फोनवरून दिवसाला एक मत देता यायचं. लावणीचे दिवस होते. बाया बांधावर येऊन, हात धुऊन, प्लॅस्टिकच्या पिशवीतला फोन काढून मत द्यायच्या आणि पुन्हा चिखलात उतरायच्या. आई हे सगळं मला कौतुकानं सांगत होती. तिसऱ्या दिवशी माझी मतं बाकीच्या चौघांच्या मिळून होत नव्हती एवढी झाली.

क्लबात आधी सगळे हसले. मग हसणं थांबलं. हाना एवढंच म्हणाली की, तुझं गाव बरंच मोठं दिसतंय. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

त्या आठवड्यात माझी सकाळची पाळी होती. ओमांचे केस विंचरणं, नाश्ता भरवणं माझ्याकडे होतं. मतांचे आकडे कागदावर छापून येत नसत, म्हणून त्या रोज मला फोनवर बघून सांगायला लावत. नातीचा फोटो मोठा छापून येईल, याची त्या लहान मुलीसारखी वाट पाहत होत्या. चौथ्या दिवशी मी आकडे वाचले. हानाचे आणि माझे. त्यांनी विचारलं, ही एवढी माणसं कोण?

मी म्हटलं, माझ्या गावची.

"त्यांनी तुला खेळताना पाहिलंय का?"

मी नाही म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि पावाचा तुकडा मागितला. मी त्यांची वेणी घातली ती सैल झाली, सोडून पुन्हा घातली.

पाळी संपल्यावर घरी फोन लावला. मळवलीत संध्याकाळ व्हायला आली होती. मी भाऊंना म्हटलं, मतं थांबवा. त्यांना आधी कळेचना. मग ते दुखावले. लोक शेतातली कामं टाकून मतं देतायत आणि तू नको म्हणतेस, असं म्हणाले. मी हानाबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं,

"तिनं किती मॅची जितल्या?"

"सगळ्या."

"आन तू?"

"दोन. दोन हरले."

"मग आमाला आदी का न्हाई सांगितलंस?"

मी म्हटलं, तुम्हीच म्हणाला होता, चांगलं तेवढं कळव. माझा आवाज चढला होता. मग मनगटाचं सांगितलं, परीक्षेचं सांगितलं, हरलेल्या सामन्यांचं सांगितलं. मागे आई विचारत होती, काय झालं, काय झालं. भाऊंनी तिला हातानं गप्प केलं असावं, कारण ती एकदम थांबली.

मग भाऊ म्हणाले, "मी पन एक सांगितलं न्हाई तुला. कोर्ट राह्यलं न्हाई आता."

बाई थकल्यामुळे कायमच्या मुंबईला गेल्या होत्या. त्यांच्या मुलानं बंगला शनिवार-रविवारी भाड्यानं द्यायला काढला, आणि पाहुण्यांना टेनिस नको होतं, पोहायचा तलाव हवा होता. दिवाळीनंतर लगेच कोर्ट खणलं. म्हणजे आठ महिने झाले होते. त्या आठ महिन्यांत मी किती वेळा विचारलं होतं, कोर्ट कसं आहे? आणि भाऊ दर वेळी म्हणाले होते, झ्याक हाय. आता ते रोज तलावात औषध टाकायचे आणि जाळीनं पानं काढायचे. औषधानं बोटांची कातडी निघत होती, तेही मला त्याच दिवशी कळलं. रूळ कुठे आहे, असं मी विचारलं. भंगारात गेला, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन करून माझं नाव काढायला सांगितलं. तिथली बाई म्हणाली, तुम्ही कुठलाही नियम मोडलेला नाही. मी म्हटलं, ज्यांनी मतं दिली त्यांनी मला खेळताना पाहिलेलं नाही. ती म्हणाली, तसं इथलेही फारसे कुणी सामने बघत नाहीत. पण तिनं नाव काढलं.

भाऊंनी गावच्या ग्रुपवर आवाजी निरोप टाकला. आईनं तो मला पाठवला, माझ्याकडे अजून आहे. "मंडळी, आमच्या पोरीनं जूनमदी दोन सामने जितले, दोन हारली. मला ठाव नव्हतं. तिच्यापरीस चांगली खेळनारी पोरगी तितं हाय. म्हनून तिनं नाव काडून घेतलंय. तुमी मतं दिली, तुमचे उपकार." भाऊ ग्रुपवर कधी बोलत नाहीत. ग्रामसभेत उभं राहून बोलावं तसा आवाज होता.

सगळ्यांना ते पटलं नाही. बचत गटातल्या एक मावशी आठ दिवस आईशी बोलल्या नाहीत. चिखलातनं हात धुऊन मत दिलं, ते काय फेकून द्यायला, असं त्यांचं म्हणणं होतं. मावशी, तुम्ही हे वाचत असाल तर तुमचं बरोबर होतं. ती मी फेकून द्यायला नको होती. आधीच खरं सांगायला पाहिजे होतं.

निकाल लागला तेव्हा हाना दुसरी आली. पहिले आले शेजारच्या गावचे बहात्तर वर्षांचे एक गृहस्थ. त्यांनी ज्येष्ठांची कुठलीशी स्पर्धा जिंकली होती, आणि ते ज्या गायनमंडळात गातात त्या अख्ख्या मंडळानं त्यांना मतं दिली होती. हानाला हसू आवरेना. म्हणाली, बघ, प्रत्येकाची एकेक मळवली असते. ओमांनी हानाचा छोटा फोटो कापून कपाटावर लावला आणि मला माझ्या गावाचं नाव म्हणून दाखवायला सांगितलं. ळ त्यांना शेवटपर्यंत जमला नाही.

डिसेंबरात मी तीन आठवड्यांसाठी घरी आले. तलाव पाहिला. पाणी निळं होतं आणि काठावर कुणाच्या तरी मुलाची चप्पल पडली होती. मी तिथे रडेन अशी भीती भाऊंना वाटत होती, म्हणून ते आधीच बागेत निघून गेले होते. मी रडले नाही. त्यांच्या बोटांना मलम आणलं होतं ते दिलं, आणि रबरी हातमोजे घालत जा म्हणून दोन दिवस भांडले. ते अजून घालत नाहीत. पण घातले म्हणून खोटंही सांगत नाहीत.

परत निघायच्या आदल्या दिवशी स्टेशनजवळच्या टपरीवर गेले. तिथे रेल्वेतून निवृत्त झालेले एक आबा रोज बसतात. त्यांनी सुनेच्या फोनवरून मला मतं दिली होती. माझ्यासाठी चहा सांगून त्यांनी विचारलं, औंदा किती हारलीस? मी म्हटलं, पाच. कशी हारलीस, असं विचारलं, तेही सांगितलं. दुसरी सर्व्हिस जाळीत जाते, घाई होते. आबांना सर्व्हिस म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "आदी तू नुसती फोटोतली वाटायचीस. आता वळखीची वाटतीस."

मी अजून इथे जर्मनीतच आहे. शिक्षण संपायला सात महिने आहेत, पुढेही बहुतेक इथेच राहीन. हाना माझ्या खोलीवर येते, भाकरी खाते, तिला ती थापता येत नाही. लोक विचारतात, घर कुठलं? पूर्वी मी मळवलीचं नाव सांगून बंगल्याचं, कोर्टाचं वर्णन करायचे. आता करत नाही. रविवारी फोन लागतो. आधी भाऊ विचारतात काय बिघडलं, मी सांगते. मग मी विचारते आणि ते सांगतात. हे ज्यांच्याशी बोलता येतं तिथे माझं घर आहे, आणि सध्या ते एका फोनमध्ये मावतं. चांगल्या बातम्या आम्ही शेवटी सांगतो, वेळ उरला तर.