पाव्हण्यांची फेरी

नवरात्रात अकोल्याचे नातेवाईक देवीच्या दर्शनाला अमरावतीला यायचे आणि बाबा त्यांना गाव फिरवायचे. आधी अंबादेवी, मग छत्री तलाव, मग जत्रा. फेरीचा क्रम ते स्वतः ठरवायचे. "जे नाई पाह्यलं तरी चालते, ते शेवटी ठेवाचं," असं मला शिकवायचे. "तोवर मानूस थकून जाते."

गेल्या नवरात्रात बाबा लकव्याने अंथरुणाला खिळून आठ महिने झाले होते. पाव्हण्यांना फिरवायचं काम माझ्यावर आलं. काकूने फोनवरच सांगितलं होतं, "देवीचं दर्शन घेऊ, तलाव पाहू अन् भाऊजीलेही पाहू." मी तसंच केलं. राजापेठेतलं आमचं घर स्टेशनच्या वाटेवर पडतं, म्हणून ते शेवटी घेतलं.

सगळे खाटेभोवती उभे राहिले. बसलं कुणीच नाही. काका म्हणाले, "बरे दिसून राह्यले." काकूने तलावाकाठी काढला होता तसाच इथेही फोटो काढला. बाबांचा चांगला हात शर्टाची वरची गुंडी लावायला धडपडत होता. ती लागायच्या आत मीच म्हणालो, "चला, गाडी चुकेल."

त्यांना ऑटोत बसवून मी परत आलो. बाबांचे शब्द आता जड येतात, म्हणून खाली वाकलो.

"तलाव दाखवला?"

"हो."

"जत्रा?"

"हो."

त्यांनी गुंडीवरचा हात खाली घेतला.

"अन् मले शेवटी ठेवलं."