अंकलच्या गाडीचं मडगार्ड

भावांनो, आज मी माती खाल्ली.

सिंगापुरातल्या आमच्या वुडलँड्सच्या गॅरेजात एका चिनी अंकलची जुनी अमेरिकन गाडी यायची. तिचं गंजलेलं मडगार्ड मागे मीच ठोकून सरळ केलेलं. आज त्यांचा मुलगा गाडी घेऊन आला. इथल्या ढंगात म्हणाला, "रुंद टायर टाकू, मडगार्ड काप लाह!"

अंकलला एक फोन करायला हवा होता. पण गाडी रुबाबदार करायची खाज मलाच. ग्राइंडर फिरवला.

दुपारी अंकल आले. कापलेला पत्रा उचलून म्हणाले, "हे तूच नीट केलेलं ना?" पत्रा पेपरात गुंडाळून घेऊन गेले.

मॉडिफाय गाड्या मलाही आवडतात, पण तो मूळ पत्रा आता कुठून आणायचा? तुकडा परत जोडून देतो म्हणायला उद्या त्यांच्या दारात जाऊ का?